गांडूळखत घ्यायचंय? आधी विचारा, गांडुळांनी खाल्लं काय

वळवाचे दोन-चार सडाके पडले की आमच्या गच्चीवरच्या बागवाल्यांच्या ग्रुपवर दरवर्षी एकच विषय चालू होतोय, गांडूळखत कुठलं घ्यायचं. मग कुणी फोटो टाकतंय, कुणी भाच्याच्या युनिटचा नंबर देतंय, कुणी ऑनलाईनची लिंक चिकटवतंय, आणि सगळ्यांचा पुढचा प्रश्न ठरलेला, किलोला रेट काय? रेट विचारा की, विचारायलाच पाहिजे, पण गांडुळांना खायला काय घातलं होतं हे मात्र कुणी विचारत नाही. मी बरीच वर्षं गच्चीवर मिरची, वांगी, दोडका, मेथी असलं काय काय लावते, आणि माझं मत आता पक्कं झालंय की खताचा दर्जा गोठ्यातच ठरतोय, पिशवी ही नंतरची गोष्ट. गांडूळ जे खातंय तेच बारीक होऊन, त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंची भर पडून बाहेर येतंय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठनं येणार.

आधी एक घोळ मिटवूया, कारण दुकानदारसुद्धा तो करतात. कंपोस्ट आणि गांडूळखत ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ढीग लावून केलेलं कंपोस्ट तापतंय, नीट लावलेला ढीग आतनं ५५ अंशाच्या वर जातो, हात घालवत नाही, आणि तशी उष्णता काही दिवस टिकली, मधनंमधनं ढीग उलटापालटा केला, तर तणाचं बी आणि बरेचसे रोगजंतू मरून जातात. गांडुळाचं तसं नाही, ३५ अंशाच्या वर गेलं की ते एकतर मरतंय नाहीतर वाट फुटेल तिकडं पळतंय, त्यामुळं गांडुळाचा बेड मुद्दाम गार ठेवावा लागतोय, सावलीत, पाणी शिंपडून. म्हणजे झालं काय, कच्च्या शेणातनं आलेलं तणाचं बी गांडूळखतात धडधाकट राहू शकतंय. कुंडीत टाकलं आणि पंधरा दिवसांत मिरचीच्या आधी गाजर गवत वर आलं असं ज्यांचं होतंय त्यांनी गांडुळाला शिव्या घालू नयेत, शेण आधी न कुजवता बेडवर टाकणाऱ्याला घालाव्यात. चांगला माणूस शेण आणि पालापाचोळा आधी पंधरा-वीस दिवस पाणी मारून, हलवून, गरमी काढून घेतोय आणि मग गांडुळं सोडतोय. हे विचारलं की कळतंय समोरचा किती पाण्यात आहे.

आणि हो, ते पावसात रानात दिसणारं लांब, मातकट गांडूळ वेगळं. ते जमिनीत खोल राहून माती खाणारं, त्याला उचलून कुंडीत सोडून खत तयार होत नाही. युनिटमध्ये वापरतात ती आयसेनिया फेटिडा नाहीतर युड्रिलस युजिनी, ही वरच्या थरातला कुजका माल खाणारी जात.

आता खाण्याचा विषय. आपल्या कोल्हापूर भागात काय कमी आहे का सांगा. घरटी म्हैस, शेण आहे. ऊस आहे म्हणजे पाचट आहे, गुऱ्हाळाचं चिपाड आहे, कारखान्याची प्रेसमड आहे. आजरा-राधानगरीकडं भाताचं तूस आणि पेंढा. म्हणून इथं गांडूळखत खरंतर झकास व्हायला पाहिजे, आणि होतंय पण, फक्त ह्यातली प्रत्येक गोष्ट वेगळं खत देते.

शेण मुख्य असेल आणि त्यात थोडं पाचट किंवा पाला असेल तर डोळे झाकून घ्या. म्हशीचं की गाईचं ह्यावरनं जी भांडणं चालतात त्यात मी पडत नाही, कुजलेलं असलं म्हणजे झालं. पण नुसत्या पाचटावरच भागवलं असेल तर जरा थांबा. पाचटात कार्बन भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) अगदीच थोडं, त्यामुळं ते कुजायला वेळ घेतंय, आणि अर्धवट कुजलेलं पाचट कुंडीत गेलं की ते कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढून घेतात, आपलं रोप पिवळं पडतंय आणि आपण म्हणतो खत घातलं तरी असं कसं. मुठीत घेऊन बघा, पानाच्या शिरा, काड्या ओळखू येत असतील तर तो माल अजून खत झालेला नाही. चार-दोन काड्या चालतात, पण निम्मं पोतं काड्यांचं असेल तर ते विकणाऱ्याकडंच अजून दीड-दोन महिने राहू दे.

प्रेसमडवर जरा जास्त बोलते, कारण इथं ती सगळीकडं मिसळलेली असते. उसाचा रस साफ करताना जो गाळ निघतोय तो म्हणजे प्रेसमड, गावात लोक कारखान्याची मळी म्हणतात. त्यात स्फुरद (फॉस्फरस) असतंय, कॅल्शियम असतंय, सेंद्रिय माल भरपूर, गांडुळांना पण आवडते, पण ताजी नाही, ताजी प्रेसमड लई तापते आणि वास तर विचारू नका. गाळप हंगाम दिवाळीच्या आसपास चालू होतोय आणि मार्चपर्यंत चालतोय, म्हणजे हंगामात आणलेली मळी उन्हाळाभर मुरली असेल तर पावसाच्या तोंडाला ती चांगली होते. जानेवारीत आणली आणि फेब्रुवारीत पोत्यात भरली असलं प्रकरण असेल तर नको.

दुसरं म्हणजे डिस्टिलरी असलेल्या ठिकाणी प्रेसमडवर स्पेंटवॉश (मद्यार्क गाळल्यावर उरलेलं सांडपाणी) मारून कंपोस्ट बनवतात, बायोकंपोस्ट म्हणून विकतात. ते दिसायला काळंभोर, बघितल्याबरोबर वाटतंय काय माल आहे. त्यात पालाश (पोटॅश) चांगलं असतंय पण क्षार पण असतात. उसाच्या रानात टाकलं तर पावसानं क्षार खाली धुवून जातात, शेतकऱ्याला फायदाच आहे. आपल्या बारा इंची कुंडीत क्षार जाणार कुठं? पानांच्या कडा करपायला लागतात, कुंडीच्या काठावर पांढरी पावडर जमते. म्हणून काळ्या रंगावर भाळू नका, चांगलं गांडूळखत गडद तपकिरी ते काळं ह्यामध्ये कुठंही असू शकतंय. मी स्वतः असलं खत शेतकऱ्याला घे म्हणेन, कुंडीवाल्याला नाही.

बरं, हे सगळं विचारायचं कसं, तर सरळ. मी ज्या गोठ्यावर जाते तिथलं बोलणं साधारण असं असतंय:

"मामा, ह्यात काय काय घातलंय?"

"शेण हाय की, आणि पाचट. थोडी मळी."

"मळी कधीची?"

"गेल्या हंगामातली. का ओ, परीक्षा घेताय काय?"

"परीक्षा कसली, खायचं घरातलंच हाय म्हणून विचारते."

"मग बघा की आत येऊन, बेड मोकळाच हाय."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझं निम्मं काम होतंय. बेड दाखवायला जो कां-कू करतोय त्याच्याकडनं मी घेत नाही, मग रेट कितीही कमी असू दे. शेडवर छप्पर आहे का हे पण बघून घ्या. आपल्याकडचा पाऊस म्हणजे गंमत नाही, उघड्यावरच्या ढिगातनं नत्र आणि पालाश चहासारखं गाळून खाली जातंय आणि मागं चोथा राहतोय.

आता पोत्याच्या तोंडाशी उभं राहून काय बघायचं. वास सगळ्यात पहिला. पहिल्या पावसाला जमिनीचा जो वास येतोय तसला यायला पाहिजे, तो वास जमिनीतल्या स्ट्रेप्टोमायसिस सारख्या जिवाणूंमुळं असतोय आणि चांगल्या मुरलेल्या खतात ते असतात. नाकात झोंबलं तर अमोनिया आहे, म्हणजे कच्चं. कुजक्या अंड्याचा वास आला तर हवा न लागता सडलंय. मग मूठभर घेऊन दाबा, गोळा झाला पाहिजे आणि बोटानं टोचलं की फुटला पाहिजे, बोटांतनं पाणी गळायला नको.

पाण्याचं म्हणाल तर त्यात पैसे जातात बघा. खत नियंत्रण आदेश म्हणून १९८५ चा कायदा आहे, त्यात २००६ पासून सेंद्रिय खतं पण आली, आणि गांडूळखतासाठी ओलावा १५ ते २५ टक्के, सेंद्रिय कार्बन कमीत कमी १८ टक्के, नत्र कमीत कमी १ टक्का, आणि ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतनं पडला पाहिजे, असं ठरलेलं आहे. ५० किलोच्या पोत्यात २५ टक्के ओलावा म्हणजे साडेबारा किलो पाणी, ते नियमात बसतंय. पण मारलेल्या पाण्यानं ओलावा ५० टक्क्यांवर गेला तर निम्मं पोतं तुम्ही पाणी विकत घेतलं, आणि पाठीवरनं जिना चढवलं ते वेगळंच. अगदी कोरडं फुफाट्यासारखं पण नको, उन्हात वाळवलेलं खत परत पाणी धरायला तयार होत नाही, वरनं पाणी ओतलं की तरंगतंय, आणि त्यातले जिवाणूही बरेच गेलेले असतात.

त्याच नियमात घनतेचा पण एक आकडा आहे, लिटरला ०.७ ते ०.९ किलो, आणि हा मला सगळ्यात कामाचा वाटतो कारण त्याला लॅब लागत नाही. दहा लिटरची बादली घ्या (लिटरच्या बाटलीनं एकदा मोजून खूण करून ठेवा, बादलीवर लिहिलेल्यावर विश्वास नको), न दाबता खत भरा, आणि वजन करा. सात ते नऊ किलोच्या मध्ये आलं पाहिजे. अकरा-बारा किलो भरलं तर एकतर त्यात पाणी जास्त आहे नाहीतर माती-वाळू मिसळली आहे. कुठलं ते बघायला काचेच्या बरणीत थोडं खत आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या, वाळू असेल तर मिनिटाभरात तळाला बसतीय, नखानं टकटक केलं तरी कळतंय. बेड जमिनीवर असेल तर खालची थोडी माती येणारच, तेवढं मी सोडून देते. पण तांबडी माती चाळून मिसळणारे महाभाग पण आहेत.

गांडुळं दिसली म्हणजे खत चांगलं, हा एक गैरसमज पार डोक्यात बसलाय लोकांच्या. विकणारे पण मूठभर माल घेऊन त्यात वळवळणारी गांडुळं दाखवतात आणि आपण खूष. खाणं संपलं की गांडुळं नवीन खाण्याकडं सरकतात, तयार खतात ती थोडीच सापडायला पाहिजेत. पोतं गांडुळांनी भरलेलं असेल तर अजून खायला शिल्लक आहे असा त्याचा अर्थ. चाळलेल्या खतात लिंबाच्या आकाराची बारीक पिवळसर अंडी दिसतात, ती असू देत.

ह्याच्या उलट एक गोष्ट दिसली तर पोतं तिथंच ठेवा. पांढरी, जाड, इंग्रजी सी सारखी वळलेली, तोंड तपकिरी असलेली अळी. उसाच्या भागातल्या माणसाला हुमणी सांगायला नको, पण शहरातल्या कितीतरी जणांना ती गांडुळाचं पिल्लू वाटते! वळवाच्या पावसात भुंगेरे बाहेर पडतात, संध्याकाळी कडुलिंबा-बाभळीवर जमतात, आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताचा ढीग म्हणजे अंडी घालायला त्यांना आयती जागा. ही अळी कुंडीत गेली की मुळं खाते, वरनं रोप कशानं सुकतंय ते कळतच नाही. शेणाच्या ढिगात गेंड्या भुंग्याच्या अळ्या पण सापडतात, त्या अजून जाडजूड. कुठली कुठली हे ओळखत बसण्यापेक्षा मी सगळा माल जुन्या कापडावर पसरून बघते, कावळे आणि साळुंक्या बाकीचं काम करतात. उकिरड्यावरचं शेणखत स्वस्त मिळतंय म्हणून थेट कुंडीत घालणाऱ्यांनी हे एवढं तरी करावं.

दुकानातल्या बंद पिशव्यांचं काय? शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत गेलं की ढिगानं मिळतात, आणि सगळ्याच वाईट असतात असं माझं अजिबात म्हणणं नाही. फक्त पुढचा भाग वाचायचा सोडून पिशवी उलटी करा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच, तारीख, घटकांचं प्रमाण हे छापलेलं पाहिजे. आणि जर गांडूळखताच्या पिशवीवर नत्र ५-६ टक्के लिहिलेलं दिसलं तर शंका घ्या. नुसत्या शेण-पाचटाच्या गांडूळखतात ते साधारण एक-दीड टक्क्याच्या आसपास असतंय, युरियात ४६ टक्के असतंय, आणि म्हणूनच गांडूळखत घालून आठवड्यात झाड हिरवंगार झालं असं कुणी सांगितलं की मी गप्प बसते. शहरातल्या कचऱ्याचं कंपोस्ट असेल तर तो कचरा ओला-सुका वेगळा केलेला होता का हे कळल्याशिवाय मी पालेभाजीला वापरत नाही. काच आणि प्लॅस्टिक निवडता येतंय, बॅटरीतलं शिसं आणि कॅडमियम निवडता येत नाही. फुलझाडांना, शोभेच्या झाडांना चालतंय.

शेणातनं तणनाशक कुंडीत येऊन झाड बिघडेल का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. भीती अगदीच खोटी नाही. २००८ मध्ये ब्रिटनमध्ये अमिनोपायरॅलिड नावाचं तणनाशक मारलेलं गवत जनावरांनी खाल्लं, त्यांचं शेणखत लोकांनी बागेत घातलं, आणि टोमॅटो-घेवड्याची पानं वळून गेली, शेवटी त्या औषधाची विक्री काही काळ थांबवावी लागली. हे औषध जनावराच्या पोटातनं आणि कंपोस्टातनं पण तसंच टिकून बाहेर येतंय. आपल्याकडं उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारतात, ते मातीत त्यामानानं लवकर मोडतंय, आणि जनावरांना वाडं (उसाचे वरचे हिरवे शेंडे) घालतात ते ऊस तुटल्यावरचं, म्हणजे फवारणी होऊन कितीतरी महिने गेलेले असतात. त्यामुळं मी ह्याला घाबरून बसत नाही, पण बघून घेते. दोन कप, एकात नेहमीची माती, दुसऱ्यात निम्मी माती आणि निम्मं नवीन खत, दोन्हीत थोडी मेथी आणि घेवड्याच्या नाहीतर चवळीच्या चार-चार बिया. मेथी उगवलीच नाही किंवा उगवून पिवळी पडली तर खत कच्चं नाहीतर क्षार जास्त. घेवड्याची नवी पानं वाटीसारखी वळली, देठ पिळवटला, तर तणनाशकाचा संशय. दोन-तीन आठवडे थांबावं लागतंय, म्हणून आधी एकच पोतं आणायचं आणि टेस्ट झाल्यावर बाकीची. घाईच्या लोकांसाठी दुसरी ट्रिक, खत जरा ओलं करून झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करा, तीन-चार दिवसांनी पिशवी फुगली आणि उघडल्यावर आंबूस वास आला तर अजून कुजायचं चालू आहे.

गांडूळखताबरोबर बाटलीतनं जे वर्मीवॉश म्हणून विकतात त्यात मला फारसा रस नाही. बऱ्याचदा ते बेडखालनं गळलेलं पाणीच असतंय, कच्च्या शेणातनं झिरपून आलेलं असलं तर त्यात काय काय असेल सांगता येत नाही, आणि पालेभाजीवर फवारायचं म्हटलं की मला तरी नको वाटतंय.

ज्यांची गावाकडं जागा आहे त्यांनी कंपोस्ट विकत का घ्यावं हाच मला प्रश्न पडतो. आपल्याच महाराष्ट्रातले, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, त्यांच्या नावावरनंच नाडेप पद्धत आली. विटांचं जाळीदार टाकं, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, विटांत मुद्दाम सोडलेल्या भोकांतनं हवा जाते, आत पाला, थोडं शेण आणि माती असे थर, आणि तीन-चार महिन्यांत खत तयार. शेण लई लागत नाही हे ह्याचं खरं वैशिष्ट्य, जास्त करून पालापाचोळ्यावरच चालतंय. पाचट पेटवून देण्यापेक्षा हे बरं की नाही? बांधावरचं गाजर गवत घालायचं तर फुलं यायच्या आधी उपटून घाला, एवढं फक्त ध्यानात ठेवा.

आणि आणलेलं खत किती घालायचं ते. इथं मी लोकांना उलट हात आखडता घ्यायला सांगते. अमेरिकेत ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत क्लाइव्ह एडवर्ड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंडीतल्या मिश्रणांवर भरपूर काम केलंय, त्यात गांडूळखताचा वाटा १० ते ४० टक्क्यांच्या मध्ये असताना रोपं चांगली वाढली, आणि जवळजवळ सगळंच गांडूळखत भरलं तर वाढ खुंटली. मी २० टक्क्यांच्या आसपास थांबते. दोन पाट्या तांबडी माती, एक पाटी ढिगाचं मुरलेलं कंपोस्ट, एक पाटी गांडूळखत, आणि एक पाटी भाताचं तूस, पावसात पाणी तुंबू नये म्हणून. नदीकाठची काळी माती उसाला सोनं असेल पण कुंडीत घालू नका, पावसात चिकट लगदा आणि एप्रिलमध्ये भेगा. पन्हाळा-गगनबावड्याकडची तांबडी माती आणली तर ती थोडी आम्ल असते, पण कंपोस्टनं बऱ्यापैकी सावरून घेतंय.

खरेदी मी मेमध्येच उरकते. जुलैत घेतलेलं पोतं छपराखालचं असलं तरी हवेतली ओल खाऊन जड झालेलं असतंय, आणि गाडीवरनं आणताना भिजतंय ते वेगळं. आणल्यावर पोत्याचं तोंड करकचून बांधू नका, आतल्या जिवाणूंना हवा लागते, सावलीत विटांवर ठेवा, फार वाळायला लागलं तर हातानं पाणी शिंपडा. आणि चाळून जे ढेकळं-काड्या उरतात ते फेकू नका, केळीच्या नाहीतर कढीपत्त्याच्या आळ्यात सारा, त्यांना चाळणीचं काही पडलेलं नसतंय.